खेळाडू गेला, भरपाई कोणाला?

माहुल / प्रतिनिधी

नोव्हेंबर २०२४ मध्ये सौदी अरेबियातील जेद्दा येथे इंडियन प्रीमियर लीगचा महालिलाव झाला. त्याच वर्षी कोलकाता नाइट रायडर्सला विजेतेपद मिळवून देणारा मुंबईकर कर्णधार श्रेयस अय्यर त्या लिलावात पंजाब किंग्जने २६ कोटी ७५ लाख रुपयांना घेतला. कोलकात्याला त्याच्या बदल्यात काहीही मिळाले नाही. रोख रक्कम नाही, बदली खेळाडू नाही, पुढील निवडीत अग्रक्रमही नाही. ज्या शिवाजी पार्क जिमखान्यात प्रवीण आमरे यांच्या मार्गदर्शनाखाली श्रेयस घडला, त्या जिमखान्याचाही या रकमेत नियमाने कोणता वाटा नव्हता.

खेळाडू एका संघातून दुसऱ्या संघात गेला की मागे राहिलेल्या संघाला भरपाई द्यावी की नाही, द्यायची तर किती आणि ती कोणाच्या खिशातून, हा प्रश्न जगभरातील व्यावसायिक खेळांपुढे आहे. अमेरिकेतील बेसबॉलमध्ये याच एका प्रश्नावरून १९८१ साली खेळाडूंनी ऐन हंगामात संप पुकारला आणि सातशेहून अधिक सामने रद्द झाले. भारतात हा प्रश्न एवढ्या टोकाला गेलेला नाही. मात्र लिलावांतील बोली कोटींच्या घरात गेल्यापासून तो येथेही टाळता येण्यासारखा राहिलेला नाही. विशेषतः मुंबईच्या उपनगरांतील कबड्डी मंडळांसाठी तो अगदी दाराशी आलेला विषय आहे.

भरपाई म्हणजे नेमके काय?

‘भरपाई’ या एकाच शब्दाखाली तीन वेगवेगळ्या गोष्टी येतात. त्या आधी वेगळ्या केल्या, तर पुढील नियम समजणे सोपे जाते.

पहिली गोष्ट, शेवटच्या संघाचे नुकसान. करार संपल्यावर खेळाडू निघून गेला, संघ दुबळा झाला, म्हणून त्या संघाला काहीतरी द्यायचे. दुसरी, घडणीचा खर्च. ज्या संस्थेने खेळाडूला वयाच्या बाराव्या-तेराव्या वर्षापासून शिकवले, मैदान दिले, सामन्यांना नेले, तिला त्या खर्चाचा परतावा द्यायचा. तिसरी, स्पर्धेचा समतोल. श्रीमंत संघांनी सगळे चांगले खेळाडू उचलू नयेत, म्हणून त्यांच्या खरेदीवर काही दंड बसवायचा.

या तिन्हींचे लाभार्थी वेगळे असतात. बेसबॉलचा नियम प्रामुख्याने पहिल्या आणि तिसऱ्या हेतूसाठी आहे, तर फुटबॉलचा दुसऱ्यासाठी. भारतातील लीगमध्ये यांपैकी एकही पूर्णपणे आढळत नाही. येथे भरपाईऐवजी ‘पहिला हक्क’ देण्याची पद्धत रूढ झाली आहे.

मंडळ, कंपनी आणि लीग

चेंबूरच्या पुढे माहुल हे गाव आहे. एका अंगाला खाडी व कोळीवाडा आणि दुसऱ्या अंगाला तेलशुद्धीकरण कारखाने, असा त्याचा परिसर. त्यांपैकी एक कारखाना भारत पेट्रोलियमचा. बर्मा-शेल कंपनीने १९५५ साली सुरू केलेला हा कारखाना १९७६ साली सरकारच्या ताब्यात आला. मुंबईच्या क्रीडारसिकांना भारत पेट्रोलियम हे नाव तेलाइतकेच कबड्डीमुळेही परिचित आहे. राज्यभरातील स्पर्धांच्या व्यावसायिक गटात या कंपनीचा संघ दीर्घकाळ दबदबा राखून आहे.

मुंबईतील कबड्डीपटूचा पूर्वापार प्रवास ठरलेला आहे. वस्तीतील मंडळात, मातीच्या मैदानावर तो खेळ शिकतो. कुमार गटात चमकला की जिल्हा संघात जातो आणि तेथे नाव झाले की रेल्वे, बँक, बंदर, विमान कंपनी किंवा तेल कंपनी त्याला नोकरी देते. नोकरी लागली की तो कंपनीच्या संघाकडून खेळू लागतो आणि मंडळाच्या हातून जातो. या बदलात मंडळाला एक पैसाही मिळत नाही. तरीही मंडळे याविषयी फारशी तक्रार करीत नसत. मुलगा ‘लागला’, त्याचे घर उभे राहिले, हेच मंडळाचे समाधान आणि तीच त्याची प्रतिष्ठा असे. त्या प्रतिष्ठेकडे पाहून वस्तीतील पुढची मुले मैदानावर येत.

हा जुना व्यवहार आता दोन्ही बाजूंनी ढिला झाला आहे. देना बँक एप्रिल २०१९ मध्ये बँक ऑफ बडोदात विलीन झाली. एअर इंडियाचे जानेवारी २०२२ मध्ये खासगीकरण झाले. खेळाडूंना कायम नोकरी देणारे दरवाजे कमी होत असताना दुसरीकडे लीगने एका हंगामासाठी मोठी रक्कम देण्यास सुरुवात केली. म्हणजे मंडळाने घडवलेल्या खेळाडूची किंमत वाढली, पण मंडळाच्या वाट्याला येणारे पूर्वीइतकेच, किंबहुना त्याहूनही कमी राहिले.

प्रो कबड्डी : पहिला हक्क, भरपाई नाही

प्रो कबड्डी लीग २०१४ साली आठ संघांनिशी सुरू झाली. २०१७ साली चार नवे संघ आले तेव्हा जुन्या संघांना फक्त एकच खेळाडू कायम ठेवण्याची मुभा मिळाली. यू मुंबाने अनुप कुमारला ठेवले. पहिल्या चारही हंगामांत यू मुंबाकडून खेळलेला आणि २०१५ च्या विजेतेपदात सहभागी असलेला मुंबईचा चढाईपटू रिशांक देवाडिगा लिलावातून उत्तर प्रदेशच्या यूपी योद्धा संघाकडे गेला. मुंबईच्या संघाला त्याबद्दल काही मिळाले नाही.

पुढच्याच वर्षी, २०१८ च्या लिलावात, रिशांकवरील बोली १ कोटी ११ लाखांपर्यंत चढली. तेव्हा यूपी योद्धाने ‘फायनल बिड मॅच’ हा हक्क वापरून त्याच किमतीत त्याला परत आपल्याकडे घेतले. हा हक्क असा चालतो : खेळाडू लिलावात जातो, कोणताही संघ बोली लावू शकतो आणि बोली थांबली की त्याच्या आधीच्या संघाला विचारले जाते. तेवढीच रक्कम देण्याची तयारी असेल तर खेळाडू त्या संघाकडे राहतो. तयारी नसेल तर तो जातो आणि विषय तेथेच संपतो.

विषय संपतो म्हणजे काय, याचे उदाहरण कोल्हापूर जिल्ह्यातील सिद्धार्थ देसाई याचे आहे. चंदगड तालुक्यातील या तरुणाला २०१८ साली यू मुंबाने ३६ लाख ४० हजार रुपयांना घेतले. पहिल्याच हंगामात त्याने चढायांत दोनशेहून अधिक गुण मिळवले. २०१९ च्या लिलावात तेलुगू टायटन्सने त्याला १ कोटी ४५ लाखांना घेतले. त्या लिलावातील ही सर्वांत मोठी बोली होती. एका वर्षात किंमत जवळजवळ चौपट झाली. ही वाढ ज्या संघाने संधी दिल्यामुळे झाली त्या संघाला काही मिळाले नाही आणि ज्या मातीत तो घडला तेथील कबड्डीलाही नाही. पूर्ण लाभ खेळाडूला झाला. एका दृष्टीने हे न्याय्यच म्हणावे लागेल, कारण शरीर त्याचे आहे, दुखापतीचा धोका त्याचा आहे आणि कारकीर्द थोड्या वर्षांची आहे.

आयपीएल : हक्काचीही किंमत वाढली

क्रिकेटमध्ये असाच हक्क ‘राइट टू मॅच’ या नावाने २०१४ साली आला. २०१८ च्या महालिलावात तो होता, २०२२ मध्ये नव्हता आणि २०२४ मध्ये तो बदलून परत आला. नव्या नियमानुसार आधीच्या संघाने हक्क वापरण्याची इच्छा दाखवली की सर्वाधिक बोली लावणाऱ्या संघाला रक्कम वाढवण्याची आणखी एक संधी मिळते. मग आधीच्या संघाने ती वाढीव रक्कम द्यायची किंवा खेळाडू सोडायचा.

यष्टिरक्षक ऋषभ पंतच्या बाबतीत हेच घडले. लखनऊची बोली २० कोटी ७५ लाखांवर थांबली होती. दिल्लीने हक्क वापरताच लखनऊने रक्कम थेट २७ कोटींवर नेली आणि दिल्लीने माघार घेतली. हक्कामुळे खेळाडूची किंमत सव्वासहा कोटींनी वाढली, पण दिल्लीच्या हाती काही लागले नाही. कोलकात्याला तर श्रेयसबाबत हा हक्क वापरण्याचाही मार्ग नव्हता. कायम ठेवलेले खेळाडू आणि असे हक्क मिळून सहाची मर्यादा होती. कोलकात्याने सहाही जागा लिलावापूर्वीच भरल्या होत्या.

आयपीएलमध्ये संघांना मोबदला मिळण्याचा एकच रस्ता आहे. तो म्हणजे करार चालू असताना होणारी अदलाबदल. नोव्हेंबर २०२३ मध्ये हार्दिक पंड्या गुजरात टायटन्सकडून मुंबई इंडियन्सकडे आला तो याच मार्गाने. मात्र ही भरपाई नव्हे, हा दोन संघांतील सौदा होय. करार संपला किंवा खेळाडूला लिलावात सोडले की हा मार्ग बंद होतो. विदेशी खेळाडूंच्या मानधनाच्या प्रमाणात त्यांच्या देशाच्या क्रिकेट मंडळाला रक्कम देण्याची पद्धत आयपीएलमध्ये आहे. भारतीय खेळाडूच्या क्लबला किंवा शाळेला बोलीतून वाटा देण्याची तरतूद नाही.

रणजी : अडवण्याचा कागद

राज्य संघांच्या पातळीवर तिसरीच पद्धत आहे. खेळाडूला दुसऱ्या राज्याकडून खेळायचे असेल तर त्याला आपल्या संघटनेचे ‘ना हरकत प्रमाणपत्र’ घ्यावे लागते. मुंबईने गेल्या काही वर्षांत अशी अनेक प्रमाणपत्रे दिली. वसीम जाफर मुंबई सोडून विदर्भाकडून खेळू लागला आणि २०१७-१८ व २०१८-१९ अशी सलग दोन वर्षे विदर्भाने रणजी करंडक जिंकला, तेव्हा तो त्या संघात होता. अर्जुन तेंडुलकर २०२२ साली गोव्याकडे गेला. पृथ्वी शॉ २०२५ साली महाराष्ट्राकडे गेला. यशस्वी जयस्वालने एप्रिल २०२५ मध्ये गोव्याकडे जाण्यासाठी प्रमाणपत्र मागितले. मुंबई क्रिकेट संघटनेने होकारही दिला. पुढच्याच महिन्यात त्याने निर्णय बदलून मुंबईकडेच राहण्याची विनंती केली आणि तीही मान्य झाली.

ना हरकत प्रमाणपत्र हा भरपाईचा पर्याय नाही. तो फार तर अडवण्याचा अधिकार आहे. संघटना खेळाडूला थांबवू शकते किंवा सोडू शकते. सोडल्याबद्दल तिला दुसऱ्या संघटनेकडून काही घेता येत नाही. साहजिकच प्रमाणपत्राचा निर्णय बहुधा सदिच्छेवर होतो, हिशेबावर नाही.

भरपाईचा हिशेबच मांडायचा तर त्यासाठी बेसबॉलकडे वळावे लागते. या विषयातील सर्वांत तपशीलवार नियम तेथे आहेत आणि त्यांचे परिणामही सुमारे पन्नास वर्षे पाहायला मिळाले आहेत.

बेसबॉल : बांधलेला खेळाडू सुटला

अमेरिकेतील व्यावसायिक बेसबॉलमध्ये १८७९ पासून संघमालकांनी एक अट रूढ केली. करार संपल्यावरही खेळाडूवर संघाचाच हक्क राहत असे. संघ त्याला विकू शकत होता, तो मात्र स्वतः संघ सोडू शकत नव्हता. १९६९ साली सेंट लुइस संघाने कर्ट फ्लड या खेळाडूला फिलाडेल्फियाकडे पाठवले. त्याने जाण्यास नकार देऊन न्यायालयात धाव घेतली. १९७२ साली सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध तीन मतांनी त्याच्या विरोधात निकाल दिला.

डिसेंबर १९७५ मध्ये मात्र पीटर साइट्झ या लवादाने अँडी मेसरस्मिथ व डेव्ह मॅकनॅली या दोन गोलंदाजांच्या बाजूने निर्णय दिला. करारानंतर एक वर्ष नव्या सहीविना खेळलेला खेळाडू मोकळा आहे, असे त्याने ठरवले. त्यानंतर १९७६ साली मालक व खेळाडू संघटना यांच्यात करार झाला. सर्वोच्च स्तरावर सहा वर्षे सेवा झालेला खेळाडू करार संपताच ‘फ्री एजंट’, म्हणजे करारमुक्त होईल आणि वाटेल त्या संघाशी बोलणी करू शकेल, असे त्यात ठरले. त्याला गमावणाऱ्या संघाला नव्या संघाकडून नवोदितांच्या निवडीतील एक क्रमांक मिळणार होता.

ही ‘नवोदितांची निवड’, म्हणजेच ड्राफ्ट, समजून घेणे आवश्यक आहे. शाळा-महाविद्यालयांतून येणाऱ्या खेळाडूंचा तेथे लिलाव होत नाही. संघ क्रमाने एकेक खेळाडू निवडतात. दुबळ्या संघांना वरचे क्रमांक मिळावेत अशी रचना असते. त्यामुळे वरचा क्रमांक ही एक प्रकारची मालमत्ताच असते. पैशाऐवजी ही मालमत्ता देणे, हा बेसबॉलमधील भरपाईचा गाभा आहे.

संप आणि एक विचित्र नियम

मालकांना एवढ्यावर समाधान नव्हते. नवोदित कधी तयार होईल याचा भरवसा नाही, तेव्हा आम्हाला नव्या संघातील तयार खेळाडू द्या, अशी त्यांची मागणी होती. खेळाडू संघटनेने त्यातील धोका ओळखला. एखाद्या खेळाडूला करारबद्ध करण्यासाठी दुसरा चांगला खेळाडू द्यावा लागणार असेल, तर कोणताही संघ पुढे येताना दहा वेळा विचार करील आणि मिळालेले स्वातंत्र्य कागदावरच राहील. १२ जून १९८१ रोजी संप सुरू झाला आणि तो पन्नास दिवस चालला. हंगामाचे दोन तुकडे करावे लागले. दोन्ही तुकडे मिळून सर्वोत्तम कामगिरी करणारा सिनसिनाटीचा संघ त्यामुळे अंतिम फेऱ्यांबाहेर राहिला.

तडजोडीतून निघालेला नियम विलक्षण होता. वरच्या दर्जाचा खेळाडू गमावणाऱ्या संघाला एका सामायिक यादीतून खेळाडू निवडता येणार होता. इतर संघांनी राखून न ठेवलेले खेळाडू त्या यादीत असत. जानेवारी १९८४ मध्ये शिकागो व्हाइट सॉक्सचा डेनिस लॅम्प टोरांटोकडे गेला. त्याच्या भरपाईपोटी शिकागोने न्यूयॉर्क मेट्स संघाचा थोर गोलंदाज टॉम सीव्हर निवडला. एवढ्या वयस्क खेळाडूला कोण घेणार, या समजुतीने मेट्सने त्याला राखीव यादीत ठेवले नव्हते. खेळाडू मिळाला टोरांटोला, भरपाई मिळाली शिकागोला आणि किंमत मोजली व्यवहारात नसलेल्या न्यूयॉर्कने. पुढच्याच वर्षी सीव्हरने आपला तीनशेवा विजय शिकागोकडून खेळताना न्यूयॉर्कमध्येच मिळवला. १९८५ च्या करारात ही सामायिक यादी रद्द झाली आणि भरपाई पुन्हा नवोदितांच्या क्रमांकांपुरती राहिली.

त्या क्रमांकांचे मोल काय असू शकते, हे २००९ साली दिसले. लॉस एंजेलिस एंजल्सचा मार्क टेक्सेरा न्यूयॉर्क यांकीजने आठ वर्षांसाठी १८ कोटी डॉलरना घेतला. भरपाई म्हणून यांकीजचा पंचविसावा क्रमांक एंजल्सला मिळाला. त्यावर एंजल्सने माइक ट्राउट हा शाळकरी मुलगा निवडला. पुढे २०१४, २०१६ व २०१९ अशी तीन वर्षे तो आपल्या लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला.

सध्याचा नियम असा आहे

२०१२ पासून ‘क्वालिफाइंग ऑफर’ ही पद्धत लागू झाली. २०२२ साली झालेल्या आणि १ डिसेंबर २०२६ पर्यंत मुदत असलेल्या करारातही ती कायम राहिली. तिचे टप्पे पुढीलप्रमाणे आहेत.

१. हंगामाअखेरची विश्व मालिका संपल्यावर पाच दिवसांत संघ आपल्या करारमुक्त होणाऱ्या खेळाडूपुढे एका वर्षाच्या कराराचा प्रस्ताव ठेवू शकतो. सर्वाधिक वेतन घेणाऱ्या १२५ खेळाडूंच्या वेतनाची सरासरी एवढी त्याची रक्कम असते. २०१२ साली ती १ कोटी ३३ लाख डॉलर होती, २०२५ साली २ कोटी २० लाख २५ हजार डॉलर झाली.

२. प्रस्ताव फक्त अशाच खेळाडूला देता येतो, जो पूर्ण हंगाम त्या संघात होता आणि ज्याला कारकिर्दीत पूर्वी असा प्रस्ताव मिळालेला नाही.

३. खेळाडूने प्रस्ताव स्वीकारला तर तो एक वर्ष तेथेच राहतो. नाकारून दुसरीकडे गेला तर भरपाई लागू होते. प्रस्तावच दिला नाही तर भरपाईही नाही.

४. गमावणाऱ्या संघाची भरपाई त्याच्या ऐपतीवर ठरते. उत्पन्नाच्या वाटपातून मदत घेणाऱ्या संघाचा खेळाडू ५ कोटी डॉलर किंवा अधिक रकमेला गेला, तर त्या संघाला पहिल्या फेरीनंतरचा क्रमांक मिळतो. रक्कम त्याहून कमी असेल तर दुसऱ्या फेरीनंतरचा. मध्यम संघांनाही दुसऱ्या फेरीनंतरचाच क्रमांक मिळतो. वेतनाची मर्यादा ओलांडून कर भरणाऱ्या संघाला मात्र चौथ्या फेरीनंतरचा.

५. घेणाऱ्या संघाचा दंडही ऐपतीप्रमाणेच असतो. मदत घेणारा संघ आपला तिसरा सर्वोच्च क्रमांक गमावतो. मध्यम संघ दुसरा सर्वोच्च क्रमांक व विदेशी नवोदितांसाठीच्या निधीतील ५ लाख डॉलर गमावतो. कर भरणारा संघ दुसरा व पाचवा सर्वोच्च क्रमांक आणि त्या निधीतील १० लाख डॉलर. पहिला क्रमांक कोणाचाही जात नाही.

यातून एक गोष्ट स्पष्ट होते. घेणाऱ्याने गमावलेला क्रमांक आता थेट देणाऱ्याला मिळत नाही. दंड वेगळा, भरपाई वेगळी. टॉम सीव्हरच्या प्रकरणासारखा विचित्रपणा त्यामुळे टळतो.

किंमत खेळाडूच मोजतो

मात्र दंडाचा भार शेवटी खेळाडूवर येतो, ही या पद्धतीतील मोठी त्रुटी आहे. पहिल्या दर्जाच्या खेळाडूसाठी संघ क्रमांक गमावायला तयार असतात. मधल्या दर्जाच्या खेळाडूची मात्र कोंडी होते. २०१३ च्या अखेरीस केंड्रिस मोरालेस व स्टीफन ड्रू या दोघांनी १ कोटी ४१ लाख डॉलरचे प्रस्ताव नाकारले. त्यानंतर त्यांना घ्यायला कोणी पुढे येईना. हंगाम सुरू झाला तरी दोघे घरी होते. ड्रू मे २०१४ मध्ये आपल्या जुन्याच संघात परतला. मोरालेसला जूनमध्ये, नवोदितांची निवड उरकल्यावर मिनेसोटाने घेतले, कारण निवड झाली की दंड उरत नाही. २०१९ साली डॅलस काइकल व क्रेग किंब्रेल या नामांकित गोलंदाजांनाही असेच जूनपर्यंत थांबावे लागले.

म्हणूनच खेळाडू संघटनेचा या नियमाला विरोध आहे. २ डिसेंबर २०२१ ते १० मार्च २०२२ अशी टाळेबंदी झाली, तेव्हा हा नियम रद्द करण्याची चर्चा झाली होती. त्याच्या मोबदल्यात विदेशी नवोदितांसाठीही निवड पद्धत मान्य करावी, अशी मालकांची अट होती. जुलै २०२२ पर्यंत एकमत न झाल्याने नियम आहे तसाच राहिला.

जपानच्या बेसबॉलमध्ये भार वेगळ्या प्रकारे वाटला आहे. तेथे खेळाडूची प्रतवारी त्याच्याच संघातील वेतनक्रमावर ठरते. पहिले तीन ‘अ’, पुढचे सात ‘ब’, उरलेले ‘क’. ‘क’ गटातील खेळाडू गेला तर भरपाईच नाही. वरच्या दोन गटांसाठी नवा संघ जुन्या संघाला वेतनाच्या ठरावीक टक्के रोख रक्कम, किंवा कमी रोख रकमेसोबत एक खेळाडू देतो. त्यामुळे बहुसंख्य सामान्य खेळाडूंच्या वाटेत भरपाईचा अडसर येत नाही.

घडवणाऱ्याचा हिशेब

अमेरिका काय किंवा जपान काय, भरपाई मिळते ती शेवटच्या संघाला. खेळाडूला लहानपणी घडवणाऱ्या संस्थेचा विचार केला तो फुटबॉलने. १५ डिसेंबर १९९५ रोजी युरोपीय न्यायालयाने बोस्मन प्रकरणात निकाल दिला आणि करार संपलेल्या खेळाडूसाठी शुल्क मागण्याचा संघांचा अधिकार संपुष्टात आला. त्यानंतर २००१ साली ‘फिफा’ने दोन तरतुदी आणल्या. खेळाडू प्रथम व्यावसायिक होताना आणि पुढे तेविसाव्या वर्षापर्यंत देश बदलताना प्रशिक्षण देणाऱ्या क्लबला प्रशिक्षणाची भरपाई मिळते. शिवाय करार चालू असताना तो शुल्क घेऊन परदेशी क्लबकडे गेला, तर त्या शुल्काचे पाच टक्के त्याला बारा ते तेवीस या वयात घडवणाऱ्या क्लबांत वाटले जातात. बारा ते पंधरा वयाच्या प्रत्येक वर्षासाठी पाव टक्का, सोळा ते तेवीससाठी प्रत्येकी अर्धा टक्का, असे हे प्रमाण आहे. या रकमा परस्पर योग्य क्लबांपर्यंत पोहोचाव्यात म्हणून २०२२ साली पॅरिसमध्ये स्वतंत्र वटणावळ केंद्रही सुरू झाले.

हेच प्रमाण कबड्डीला लावून पाहू. १ कोटी ४५ लाखांच्या बोलीचे पाच टक्के म्हणजे ७ लाख २५ हजार रुपये. बारा ते पंधरा या वयात शिकवणाऱ्या मंडळाच्या वाट्याला एक टक्का, म्हणजे १ लाख ४५ हजार येतील. लीगच्या दृष्टीने ही रक्कम किरकोळ आहे. वर्गणीवर चालणाऱ्या मंडळाच्या दृष्टीने मात्र तशी नाही.

यात एक अडचण आहे आणि ती दुर्लक्षून चालणार नाही. फुटबॉलमध्ये पाच टक्के कापले जातात ते एका क्लबने दुसऱ्या क्लबला दिलेल्या शुल्कातून. आपल्याकडे लिलावाची बोली हेच खेळाडूचे मानधन असते. संघांमध्ये शुल्काची देवघेव होतच नाही. अशा स्थितीत पाच टक्के खेळाडूच्या मानधनातून कापले तर बेसबॉलचीच चूक वेगळ्या रूपात होईल आणि मंडळाचा हिस्सा मंडळाच्याच मुलाच्या खिशातून जाईल. तो बोलीच्या वर, संघाने वेगळा भरावयाचा ठेवला, तरच भार योग्य ठिकाणी पडेल.

त्यासाठी आधी नोंद हवी. कोणत्या वर्षी खेळाडू कोणत्या मंडळाकडून खेळला, याचा वयानुसार दाखला फुटबॉलमध्ये राष्ट्रीय महासंघ ठेवतात आणि भरपाईचा दावा त्या दाखल्यावरच उभा राहतो. माहुल-चेंबूरपासून चंदगडपर्यंतच्या मंडळांचे खेळाडू जिल्हा संघटनांकडे नोंदले जातातच. ती नोंद बाराव्या वर्षापासून सलग राहिली आणि लीगच्या कागदपत्रांशी जोडली गेली, तर उद्या कोटीची बोली लागेल तेव्हा ‘हा मुलगा आमचा’ हे मंडळाचे म्हणणे केवळ अभिमानापुरते न राहता दाव्याचा आधार ठरू शकेल.